नऊ महिने व्हीए पॅनेल: काळा झकास, पण तो हलेपर्यंतच

मॉनिटर घेऊन नऊ महिने झाले. २७ इंच, १४४०पी रिझोल्यूशन, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ फ्रेम, म्हणजे चित्रं), व्हीए पॅनेल (व्हीए, आयपीएस आणि टीएन हे एलसीडी पडद्याचे प्रकार), जरासा वक्र. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती स्तुती झाली असती आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या. आता दोन्ही निवळलंय, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या एका मॉनिटरपेक्षा पॅनेलबद्दलच जास्त आहे.

व्हीए घेण्यामागे एकच कारण होतं: काळा रंग. मी खेळतो ते रात्री, घरचे झोपल्यावर, दिवा मालवून. आधीचा मॉनिटर आयपीएस होता. अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर काळ्याच्या जागी धुरकट करडा दिसायचा आणि खालच्या कोपऱ्यात पिवळट उजेड पाझरायचा. गुहेतला प्रसंग असो की अवकाशातला, तो कोपरा आपला तिथं हजर. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते) साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त. आकड्यांवर माझा एरवी फारसा विश्वास नाही, पण हा फरक पहिल्याच रात्री दिसला. स्क्रीनची कड कुठं संपते आणि खोलीतला अंधार कुठं सुरू होतो ते चटकन कळेना. दिवसा मात्र ही मजा बरीचशी विरते. काचेवर पडलेला उजेड काळ्याला करडा करतोच, मग पॅनेल कुठलंही असो.

मग शेपट्या दिसायला लागल्या.

अंधाऱ्या जंगलात कॅमेरा वळवला की झाडांच्या बुंध्यांमागे काळा ओघळ यायचा, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा. खोक्यावर तर पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ ठळक अक्षरांत १ मिलिसेकंद छापलेला! हा आकडा बहुतेक वेळा सोयीच्या एखाद्या रंगबदलाचा असतो, तोही ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जास्तीचा धक्का देऊन रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन मोजलेला. कधी तर ते मोजमापच वेगळं असतं, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) लुकलुकवून मिळवलेलं. व्हीएमध्ये विद्युतदाब नसताना द्रवस्फटिक काचेला काटकोनात उभे असतात आणि प्रकाश अडवतात. काळा इतका गडद मिळतो तो त्यामुळेच. पण काळ्यातून गडद करड्यात जायचं असेल तर त्यांना मिळणारा धक्का अगदी हलका असतो, म्हणून ते आळसावल्यासारखे वळतात. या बदलाला २० ते ३० मिलिसेकंदही लागू शकतात. १६५ हर्ट्झला एक फ्रेम जेमतेम ६ मिलिसेकंदांची. म्हणजे चार-पाच फ्रेम पुढं निघून जातात, तरी पिक्सेल आपला वाटेतच. उजळ दृश्यात यातलं काहीच जाणवत नाही. ज्या अंधारासाठी व्हीए घेतला, नेमका त्याच अंधारात तो मार खातो.

ओव्हरड्राइव्ह वर नेऊन पाहिला. शेपट्या आखडल्या, पण वस्तूंच्या कडांना पांढुरकी उलटी सावली यायला लागली. ते त्याहून वाईट. शेवटी मधल्या पायरीवर ठेवलं आणि आजतागायत तिथंच आहे.

पाचव्या महिन्यात धाकट्या भावाशी दोन आठवड्यांसाठी मॉनिटर बदलला. त्याचा आयपीएस, आकार आणि रिझोल्यूशन तेच. तो चुरशीचे नेमबाजीचे खेळ खेळतो. चौथ्याच दिवशी त्याचा फोन: "दादा, तुझ्या मॉनिटरवर माणसं शेपटी घेऊन पळतात. माझा परत दे." मी दिला नाही. ठरलं होतं दोन आठवडे, म्हणजे दोन आठवडे. मला त्याच्या आयपीएसवर दोन गोष्टी खूप आवडल्या. एक म्हणजे हालचालीतला स्वच्छपणा. दुसरी, कामाच्या वेळी स्क्रीनच्या कडेची अक्षरं मधल्या अक्षरांइतकीच ठसठशीत दिसायची. व्हीएवर जवळून बसलं की कडेचे गडद रंग किंचित फिके पडतात. आयपीएसचे स्फटिक काचेच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे ढळत नाहीत. दिवसभर फोटो किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यानं व्हीएच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण रात्री दिवा मालवला आणि तो करडा परत आला! दुसरा आठवडा मी दिवे लावूनच खेळलो.

व्हीएची आणखी एक खोड: व्हीआरआर (खेळाच्या फ्रेमरेटप्रमाणे मॉनिटरचा वेग बदलणारी सोय) चालू असताना उजेडाची थरथर. खेळ लोड होताना किंवा मेन्यूमध्ये फ्रेमरेट वरखाली उड्या मारतो, तेव्हा गडद करडे भाग लुकलुकतात. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून फ्रेमरेटला मर्यादा घातली, तो बऱ्यापैकी स्थिर राहू लागला आणि त्रास पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेलेला नाही.

ओएलईडीबद्दलही सांगतो. एका मित्राकडचा क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) चार-पाच संध्याकाळी वापरलाय. तिथं प्रत्येक पिक्सेल स्वतःच विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरंच काळा, आणि शेपटी नावालाही नाही. खेळासाठी त्यापुढं काही नाही. तरी मी घेतला नसता. माझा मॉनिटर दिवसाचे आठ तास कोड आणि तक्ते दाखवतो. एकाच जागी टास्कबार, एकाच जागी मेन्यू, म्हणजे बर्न-इनला (स्थिर चित्राचा कायमचा डाग पडण्याला) आमंत्रणच. त्याच्या उपपिक्सेलांची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची) मांडणी त्रिकोणी असल्यानं बारीक अक्षरांच्या कडांना हिरवी-गुलाबी झाक दिसत होती. मित्राला ती दिसतच नाही म्हणे. शिवाय पूर्ण पांढरं पान उघडलं की स्क्रीन मंदावते, आणि खिडकीतून उजेड आला की काळ्यावर जांभळट करडी छटा चढते. नुसते खेळ खेळणाऱ्याला यातलं बरंचसं चालून जाईल.

टीएन विचारातच घेतला नव्हता. खुर्चीत थोडं खाली घसरलं तरी रंग बदलणारं पॅनेल आता नको.

व्हीए घेणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करून बघा. रात्री, तुम्ही जितक्या उजेडात खेळता तितक्याच उजेडात, एखाद्या अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा सावकाश फिरवा. मग डार्क मोडमधलं लांबलचक पान भराभर खाली सरकवा. ओघळ दिसेलच. दहा मिनिटांत त्याचा विसर पडला तर मॉनिटर ठेवा. नजर पुन्हापुन्हा तिथंच जात राहिली तर मात्र खोकं फेकू नका. मला तो विसरायला तीन महिने लागले, आणि तोवर माझी मुदत उलटून गेली होती.