मुलांचा मराठी जन्मदाखला: भाषांतर करावं की द्विभाषिक नवा काढावा?

कॅनडात कुशल कामगारांना स्थलांतरासाठी निवडणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्री योजनेत निमंत्रण आलं की पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. घरात फक्त मराठी, हातानं लिहिलेला दाखला असेल तर प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वेळेत भाषांतर जिंकतं, काम काही दिवसांत होतं. नव्या मराठी-इंग्रजी दाखल्यासाठी जिथं जन्म झाला तिथल्याच ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे जावं लागतं. नोंद क्रमांक नसेल तर जुनं रजिस्टर शोधण्यात आठवडे जातात. खर्च मात्र उलटा: दाखल्याची फी किरकोळ, भाषांतराचे पैसे पानागणिक.

अर्ज अडतो तो तपशिलावर. भाषांतर शिक्क्यांसकट हवं. गोल शिक्क्यातला मराठी मजकूर सोडला तर ते अपुरं ठरतं. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्र लागतं. मावशी इंग्रजीची प्राध्यापिका असली तरी चालत नाही. नातेवाइकांनी केलेलं भाषांतर बाद.

नव्या दाखल्यात धोका स्पेलिंगचा. पासपोर्टवर आडनावात दोन ‘ए’ आणि दाखल्यात एकच, असं सर्रास होतं. छापण्याआधी पासपोर्टची प्रत कारकुनासमोर ठेवा. जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर भाषांतरही कोरंच होणार. तिथं आधी नावनोंदणीच हवी.

निमंत्रण हातात असेल तर भाषांतर. अजून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचीच तयारी चालू असेल किंवा नोंदीत चूक असेल तर नवा दाखला, तो पुढे पासपोर्टलाही चालतो.