नव्या टायरांबरोबर नवे प्रेशर सेन्सर: पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसाळा तोंडावर असताना गाडीचे चारही टायर बदलले आणि त्याच वेळी हवेचा दाब मोजणारे चारही सेन्सर नवे बसवले. तीन सेन्सर चालू असताना हा खर्च कशाला, असे टायरच्या दुकानातील कारागिराचे म्हणणे होते. बिघाड खरोखर एकाच चाकाचा होता: गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकून मग पेटलेलाच राही. हवा कमी असेल तर तो लुकलुकत नाही, सरळ पेटतो.

तरीही माझा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. रिमच्या आत व्हॉल्व्हच्या बुंध्याशी बसणाऱ्या या सेन्सरच्या डबीतील लिथियम सेल कायमचा बंदिस्त असतो; तो साधारण पाच ते दहा वर्षे टिकतो आणि संपला की अख्खा सेन्सरच बदलावा लागतो, ज्यासाठी टायर रिमवरून उतरवणे आणि चाक पुन्हा बॅलन्स करणे आले. आमची गाडी आठव्या वर्षात असल्याने उरलेले तीन सेन्सर नव्या टायरांची सोबत शेवटपर्यंत करतील, अशी आशा नव्हती.

खरेदी करताना फ्रिक्वेन्सी जुळणे महत्त्वाचे. आमच्या गाडीला 433 मेगाहर्ट्झचे सेन्सर लागतात. अमेरिकी गाड्यांमध्ये सर्रास आढळणारे 315 मेगाहर्ट्झचे सेन्सर दिसायला तसेच असले तरी गाडी त्यांची दखलही घेत नाही. शिवाय प्रत्येक सेन्सरचा स्वतंत्र क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो, म्हणून स्कॅनर असलेलेच दुकान निवडावे. व्हॉल्व्हची पिन निकेलचा मुलामा असलेलीच घ्यावी आणि टोपी प्लॅस्टिकची असावी, कारण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन किंवा धातूची टोपी गंजून अशी चिकटते, की ती काढताना व्हॉल्व्हच तुटण्याची भीती असते.

या खर्चाचे चीज पावसाळ्यात झाले. पूर्व द्रुतगती मार्गावर पडद्यावर मागच्या चाकाच्या दाबाचा आकडा 33 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) वरून हळूहळू 27 पर्यंत उतरताना दिसला, आणि पंक्चरवाल्याकडे टायरमध्ये रुतलेला खिळा सापडला. नुसत्या नजरेला तो टायर ठीकच दिसत होता. एक्स्प्रेसवेवर वेगात टायर तापले की हेच आकडे तीन-चार पीएसआयने चढतात, आणि तेव्हा हवा काढण्याचा मोह टाळावा, कारण ठरवून दिलेला दाब थंड टायरचा असतो.

एक गैरसोय मात्र आहे. उभ्या गाडीत सेन्सर सेल वाचवण्यासाठी जवळजवळ झोपलेले असतात, त्यामुळे सकाळी आकडे दिसायला थोडे अंतर जावे लागते. ज्यांच्या गाडीत सेन्सरऐवजी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकगतीवरून दाबाचा अंदाज बांधला जातो, त्यांना यातले काहीच विकत घ्यायचे नाही. नव्या टायरांत हवा भरून यंत्रणा रिसेट केली की झाले. आमच्या गाडीत टायरांची अदलाबदल केल्यावर सेन्सरच्या जागा पुन्हा नोंदवाव्या लागतात, नाहीतर पुढच्या चाकाची हवा उतरल्यावर पडद्यावर मागचे चाक दिसते.