सिल्व्हरफेस डिलक्स रिव्हर्ब: पावसाळा काढल्यानंतरचं मत

फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटारच्या ट्यूब अँपच्या आवाजावर भरपूर लिहून झालंय. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर, आवाजाला घुमारा देणारा स्प्रिंग रिव्हर्ब, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. मला लिहायचंय ते आतल्या काळ्या बोर्डाबद्दल. ज्या फायबरच्या पट्टीवर सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवलेत, ती पट्टी. वसईसारख्या दमट गावात हा अँप सांभाळायचा असेल तर माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काही नाही, आणि विकणारा असो की दुरुस्त करणारा, त्याबद्दल आपणहून कोणी बोलत नाही.

अँप ओळखीच्या घरातून घेतला. त्या घरातले आजोबा बोटीवर होते, त्यांनी तो अमेरिकेहून आणलेला. नंतर कित्येक वर्षं पोटमाळ्यावर पडून. ग्रिलचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, बाहेरच्या आवरणावर, म्हणजे टोलेक्सवर, बुरशी, रिव्हर्बच्या टाकीची पिशवी फाटलेली. पण ट्रान्सफॉर्मरवरचा शिक्का शाबूत होता: आधी ६०६, म्हणजे शुमाकर कंपनी, आणि त्यापुढे वर्षाचा शेवटचा आकडा ४. सिल्व्हरफेसचं रुपेरी पॅनल १९६४ मध्ये नव्हतंच, म्हणजे हा १९७४ चा. स्पीकरवर ४६५, म्हणजे ऑक्सफर्ड कंपनी, तोही मूळचा. एवढं बघितल्यावर मी फार घासाघीस केली नाही.

आपल्याकडे पहिला प्रश्न विजेचा. हा अँप अमेरिकेतल्या घरगुती लाइनसाठी बनलेला, ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५० हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी कमी झाली की तेवढ्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला चुंबकीय फ्लक्स वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो जास्त तापतो. म्हणून मी स्टेपडाउन (२३० व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) मुद्दाम ११० व्होल्टचा घेतला. त्यात आणखी एक फायदा असा की प्लेट व्होल्टेजही (प्लेट म्हणजे ट्यूबमधला जास्त व्होल्टेजचा भाग) थोडं उतरतं. फेंडरच्या सर्किटच्या नकाशात ६व्ही६च्या प्लेटवर ४१५ व्होल्ट दाखवलेत, आणि त्या ट्यूबच्या जुन्या डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा ३१५ आहे. जुन्या ट्यूब हे सहन करायच्या, आजच्या सगळ्याच करतात असं नाही. मी स्लोव्हाकियाच्या जेजेच्या ६व्ही६एस लावल्या, त्या दणकट आहेत.

स्टेपडाउन घेताना एक गोष्ट बघाच. बाजारात स्वस्तात मिळतात ते बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे मेन लाइन आणि आउटपुट आतून जोडलेलेच, पुढे दोन पिनांचं सॉकेट, अर्थिंगचा पत्ता नाही. या अँपला मागे ग्राउंड स्विच आहे आणि त्याच्यामागे ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मेन लाइनवरून थेट चासीला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) जोडलेला असतो. अर्थिंग नसताना तो शॉर्ट झाला तर लाइनचा करंट गिटारच्या तारांवर येतो. मग माईकला ओठ लागले की काय होईल ते सांगायला नको. मी तो कपॅसिटर कापून टाकला आणि स्टेपडाउन आयसोलेशनवाला, तीन पिनांचा करून घेतला. दुप्पट पैसे पडले. इथे काटकसर करू नका.

बाकी दुरुस्ती नेहमीची. खालच्या पत्र्याच्या झाकणातले १६ मायक्रोफॅरडचे पाचही फिल्टर कपॅसिटर बदलले, बायसचा (ट्यूबच्या ग्रिडला ठरावीक व्होल्टेज देणारा) बदलला, कॅथोडचे बदलले. इलेक्ट्रोलिटिक पन्नास वर्षांत सुकतातच, त्यात चर्चा नको. पहिल्यांदा चालू केला तो सिरीज बल्ब लावून, म्हणजे अँपकडे जाणारी वीज एका बल्बमधून नेऊन. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत कुठे शॉर्ट नव्हता. (झाकण उघडणार असाल तर आधी फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. प्लग काढल्यावरही त्यांच्यात चारशे व्होल्ट बसून राहू शकतात.)

नाताळात अँप चर्चच्या कॉयरसोबत वाजला. व्हॉल्यूम चारवर, रिव्हर्ब तीनवर. इतका स्वच्छ, भरलेला आवाज मी माझ्या हातून कधी ऐकला नव्हता. जानेवारीत मी हे लिहिलं असतं तर डोळे मिटून घ्या असंच सांगितलं असतं.

मग जून उजाडला. चालू केल्यावर पाचएक मिनिटांत चुरचुर, मग फटफट, व्हॉल्यूमचा खटका फिरवला की खरखर. गिटार लावलेली नसली तरी तेच. उन्हं पडलेल्या दिवशी कमी, संततधार लागली की जास्त. मुंबईतल्या एका दुकानात नेला. त्यांनी पॉवर ट्रान्सफॉर्मर गेलाय म्हणून सांगितलं, महिनाभर ठेवून घेतला, मला न विचारता मूळचे कपलिंग कपॅसिटर (एका ट्यूबकडून पुढच्या ट्यूबकडे सिग्नल नेणारे) काढून नवे घातले आणि जुने मागितले तर फेकले म्हणाले. आवाज होता तसाच. न सांगितलेल्या कामाचं बिल मात्र चोख. माझा राग पैशांपेक्षा त्या कपॅसिटरवरून जास्त आहे. ते चांगले होते, आणि १९७४ चे पुन्हा आणायचे कुठून?

खरं निदान झालं ते आमच्याच आळीत. व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्यूबचेच, रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य घातलेले एक काका आहेत. त्यांनी अँप उघडून चालू केला, मल्टिमीटरची काळी पिन चासीला लावली आणि लाल पिन बोर्डावर जिथे काहीच जोडलेलं नाही अशा मोकळ्या जागी टेकवली. तिथे शून्य यायला हवं. सहा व्होल्टच्या आसपास आले. मग मीटर न हलवता त्यांनी केस सुकवायचा ड्रायर बोर्डावर धरला. आकडा उतरत गेला, पाच, तीन, एक, आणि त्याबरोबर स्पीकरमधली चुरचुरही थांबली.

हा बोर्ड सेल्युलोजच्या फायबरचा, वरून मेण लावलेला. पावसाळ्यात पापड मऊ पडावा तसा तो हवेतलं पाणी ओढतो. बोर्डावर प्लेटच्या जोडांवर दोनशेच्या वर व्होल्ट, आणि त्यांच्यापासून बोटभर अंतरावर ग्रिडचे, म्हणजे सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो तिथले, जोड. ग्रिडच्या वाटेवर रेझिस्टर एक मेगओहमचा, म्हणजे ओल्या बोर्डातून एक मायक्रोअँपियर जरी गळला तरी ग्रिडवर एक व्होल्ट उभा राहतो. ट्यूबचा बायसच तेवढा असतो. ट्रान्सफॉर्मरचा यात काडीचा संबंध नव्हता.

उपाय दोन. पूर्ण बोर्ड काढून ग्लास-इपॉक्सीचा घालायचा, किंवा जिथे गळती त्रास देते तिथल्या ग्रिडच्या वायरी बोर्डावरून उचलून हवेत जोडायच्या. पहिला कायमचा आहे, पण मूळ वायरिंग सगळं उसवावं लागतं, आणि माझ्या मनाला ते पटलं नाही. काकांनी अँपच्या दोन चॅनलपैकी व्हायब्रॅटो चॅनलच्या ग्रिडच्या वायरी उचलल्या, ड्रायरने बोर्ड पूर्ण सुकवला, मेणाचे थर स्पिरिटने पुसले. मजुरी सांगायला लाज वाटेल इतकी कमी घेतली, मी जास्तीची बळेच दिली. वर त्यांच्या डब्यातला बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह दिला, जुन्या लाउडस्पीकर अँपमधून काढलेला. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ एकच, त्यामुळे सरळ बसला. तो व्हायब्रॅटो चॅनलच्या पहिल्या जागेवर आहे आणि नव्या परदेशी ट्यूबपेक्षा कमी शिट्टी मारतो.

जुलै-ऑगस्ट त्यावरच काढले. अँप जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवतो, आठवड्यातून दोनदा तासभर चालू करतो, कारण ट्यूबच्या उष्णतेने आतला भाग सुकलेला राहतो. फटफट पुन्हा आली नाही. खटक्यांची खरखर गेली.

तेव्हा माझं आजचं मत. आवाजासाठी घ्या, पण किंमत ठरवण्याआधी मल्टिमीटर घेऊन जा आणि शक्य असेल तर पावसाळ्यातच बघायला जा. कोरड्या दिवसांत हा दोष सापडतच नाही. प्लेटजवळच्या मोकळ्या जागी दोन-चार व्होल्ट दिसले तर भाव पाडून घ्या, व्यवहार मोडू नका. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत कदाचित तुम्हाला यातलं काही जाणवणारही नाही. नॉर्मल चॅनलची ग्रिड अजून बोर्डावरच आहे, ती आणि रिव्हर्बच्या रिकव्हरी ट्यूबची (स्प्रिंगमधून आलेला सिग्नल वाढवणारीची) वायर काका दिवाळीनंतर उचलून देणार आहेत.