कराटे किड पार्ट टू: मियागी गावाला जातात तेव्हा

आधीच सांगतो, नुसती हाणामारी बघायला हा पिक्चर लावणार असाल तर नका लावू, कारण पहिल्या पार्टसारखी टुर्नामेंट यात नाहीच, ना पॉइंट ना रेफरी ना ट्रॉफी, आणि खरी म्हणावी अशी फाइट थेट शेवटी येते. तरी मला विचाराल तर आख्ख्या सिरीजमध्ये मला हाच जास्त आवडतो. असं म्हटलं की पहिल्या पार्टवाले अंगावर धावून येतात हे माहितीये. येऊ देत.

पिक्चर १९८६ चा. डिरेक्टर तोच, जॉन ॲव्हिल्डसन, ज्याला रॉकीसाठी ऑस्कर मिळालं होतं, आणि लेखकही तोच, रॉबर्ट मार्क केमन. हा केमन स्वतः गोजू-र्यू कराटे शिकलेला माणूस आणि त्या स्टाइलच्या संस्थापकाचं नाव चोजुन मियागी, म्हणजे आपल्या मियागींचं, पिक्चरमधल्या त्या म्हाताऱ्या कराटे गुरूचं, आडनाव कुठनं आलं ते कळलं असेल. अमेरिकेत याने ११ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, पहिल्यापेक्षा जास्त. पण आजकाल याचं नाव काढलं की लोकांना फक्त ते पीटर सेटेराचं 'ग्लोरी ऑफ लव्ह' आठवतं. गाणं चांगलंच आहे, ऑस्करला नॉमिनेट झालेलं, पण पिक्चरमध्ये त्याच्यापलीकडे बरंच काही आहे.

(पुढे स्टोरी सगळी फोडलेली आहे. चाळीसेक वर्षं जुन्या पिक्चरचं स्पॉयलर झालं म्हणून कोणी ओरडू नका.)

सुरुवात पहिला पार्ट संपतो तिथूनच. टुर्नामेंट संपलीये, पार्किंगमध्ये कोब्रा काई या कराटे क्लासचा तो क्रीस सर आपल्याच पोराला, जॉनीला, धरून मारतोय, का तर तो दुसरा आला. मियागी मध्ये पडतात, पण हात एकदाही उचलत नाहीत, नुसते बाजूला होतात आणि क्रीस गाडीच्या काचांवर ठोसे मारून स्वतःचेच हात रक्तबंबाळ करून घेतो. मग त्याला गुडघ्यावर आणून मियागी हात वर घेतात, वाटतं आता संपला हा, आणि ते काय करतात तर त्याचं नाक चिमटीत पकडून पीं करतात! हा सीन म्हणे मुळात पहिल्या पार्टच्या शेवटासाठी ठरलेला होता. बरं झालं तिथे नाही घेतला, कारण इथे तो नुसता जोक राहत नाही. डॅनियल, म्हणजे मियागींचा शिष्य, विचारतो की मारलं का नाही, तर मियागींचं म्हणणं असं की ज्याच्या मनात क्षमा नाही त्याला जगणं हीच मरणापेक्षा मोठी शिक्षा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा पिक्चर याच्यावरच चालतो.

सहा महिन्यांनी डॅनियलची गर्लफ्रेंड त्याला सोडून गेलेली, आई नोकरीसाठी फ्रेस्नोला निघालेली, आणि मियागींनी पोरासाठी घरात एक खोलीच बांधायला घेतलीये. तेवढ्यात ओकिनावाहून, म्हणजे मियागींच्या जपानमधल्या बेटावरनं, पत्र येतं, मियागींचे वडील शेवटच्या घटका मोजतायत. मियागी कित्येक वर्षं गावाला गेलेलेच नाहीत आणि त्याचं कारण म्हणजे सातो. सातो त्यांचा जिगरी दोस्त. मियागींच्या घराण्यात कराटे फक्त बापाकडनं मुलाला जायचं, पण वडिलांनी दोस्त म्हणून सातोलाही शिकवलं. मग युकिए नावाच्या मुलीचं लग्न घरच्यांनी सातोशी ठरवलं आणि प्रेम तिचं मियागींवर. मियागींनी चारचौघांत सांगून टाकलं की मी हिच्याशी लग्न करणार. झालं, सातोची इज्जत गेली. त्याने आव्हान दिलं, मरेपर्यंत लढाई. आणि मियागी रातोरात गाव सोडून निघून गेले, युकिएलाही सोडून.

म्हणजे बघा, पहिल्या पार्टमध्ये ज्याला आपण सगळं येणारा गुरू समजत होतो, गाड्या पुसायला लावून कराटे शिकवणारा, तो माणूस पळून आलेला होता. मला हा पिक्चर आवडतो तो इथेच. गुरूला गाव आहे, बाप आहे, अर्धवट सोडलेलं प्रेम आहे, चाळीस वर्षं जुना वैरी आहे. आणि पोरगा कॉलेजसाठी साठवलेले पैसे घालून त्याच्यासोबत जातो, काही शिकायला नाही, नुसता सोबत म्हणून.

मग वडील जातात. जाण्याआधी ते मियागी आणि सातो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, आणि वडिलांनी शेवटचा श्वास घेतला की सातो हात काढून घेतो आणि म्हणतो, शोक करायला तीन दिवस देतो, मग लढायचं. अरे काय माणूस आहेस तू! पण त्यानंतरचा समुद्रकिनाऱ्यावरचा सीन... मियागी एकटे बसलेत, डॅनियल येऊन शेजारी बसतो आणि स्वतःचे वडील गेले तेव्हाचं सांगतो, की मला सारखं वाटायचं मी चांगला मुलगा नव्हतो, आणि मग लक्षात आलं की मी त्यांच्याजवळ होतो, हात धरला, निरोप घेता आला, हीच सगळ्यात मोठी गोष्ट. मियागी रडतात. डॅनियल त्यांना जवळ घेतो. बस, एवढाच सीन. पण इथे गुरू कोण आणि शिष्य कोण हे उलटतं आणि त्यासाठी एकही मोठा डायलॉग लागत नाही. मियागी झालेल्या पॅट मोरिटाला ऑस्कर नॉमिनेशन पहिल्या पार्टसाठी होतं, माझ्या मते या एका सीनसाठी परत द्यायला हरकत नव्हती. हा माणूस मूळचा स्टँडअप कॉमेडियन, जन्म कॅलिफोर्नियातला, इंग्लिश एकदम अमेरिकन, तो मियागींचा ॲक्सेंट सगळा ॲक्टिंग. लहानपणी मणक्याच्या टीबीने कित्येक वर्षं हॉस्पिटलात काढली आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेनेच त्यांच्या कुटुंबाला छावणीत ठेवलं. हे माहीत असलं की त्या चेहऱ्याकडे बघायची नजर जरा बदलते.

आता इज्जतीचं. सातो सतत मान-सन्मान, घराण्याची अब्रू यावरच बोलत असतो, आणि त्याचा पुतण्या चोझेन काय करतो, तर गावातल्या शेतकऱ्यांचा भाजीपाला खोट्या वजनांनी तोलून घेतो. डॅनियलच्या हातनं ते उघडं पडतं आणि चोझेन त्याच्यावर खार खातो, कारण काय तर म्हणे यात त्याची इज्जत गेली! चोरी केली तेव्हा नाही गेली, पकडला गेला तेव्हा गेली. लेखकाने हे फार हुशारीने ठेवलंय आणि कुठेही बोट दाखवून समजावत बसलेला नाही. सातोच्या मोठ्या बोटींनी मासळी संपवली, गावाची जमीन त्याच्या नावावर, आणि मियागी लढायला तयार होत नाहीत म्हटल्यावर हा गडी बुलडोझर आणून उभा करतो की नाही लढलास तर गाव पाडतो. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरनं तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात ना, शेवटी मूळ भांडण काय होतं तेही कोणाला धड आठवत नाही, सातो अगदी त्यातला. मियागी शेवटी लढायला हो म्हणतात पण एका अटीवर, कोणीही जिंको, जमीन गावाच्या नावावर कायमची करायची. मला विचाराल तर या पिक्चरमध्ये इज्जतदार असा हाच एक सौदा आहे.

मग वादळ येतं. सातो तुळईखाली अडकतो, मियागी धावत येतात, सातोला वाटतं मारायलाच आला. आणि मियागी एका फटक्यात ती तुळई तोडतात. आधी आपण सातोला असाच एक जाड ओंडका फोडायचा प्रयत्न करताना आणि जमत नसताना बघितलेलं असतं, त्यामुळे तो फटका बसतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो बसतो कशावर तर वैऱ्याचा जीव वाचवण्यावर. बाहेर एक लहान मुलगी घंटेच्या टॉवरवर अडकलेली, डॅनियल पळतो, चोझेनला काका सांगतो जा मदत कर, तो जात नाही, मग सातो स्वतः उठून जातो आणि जाताना पुतण्याला सांगतो की तू मला मेलास.

इथे मात्र माझी कटकट आहे. चाळीस वर्षांचं वैर आणि सातो एका रात्रीत सुतासारखा सरळ? दुसऱ्या दिवशी तेच बुलडोझर घेऊन गाव बांधायला हजर, जमिनीचे कागद परत, माफी मागून मोकळा. सातो झालेल्या डॅनी कामेकोनाने काम इतकं दमदार केलंय म्हणून खपून जातं, पण मध्ये एखादा सीन हवाच होता यार. आणि चोझेनला तर लेखकाने वाऱ्यावरच सोडलाय. काकाने टाकला, गावासमोर तोंड दाखवायची सोय नाही, म्हणजे खरं तर पिक्चरमध्ये सगळ्यात मोठी ट्रॅजेडी त्याची, पण दाखवलाय नुसता डोळे वटारणारा व्हिलन. चोझेन झालेल्या युजी ओकुमोटोमध्ये किती दम आहे ते पुढे कोब्रा काई सिरीजमध्ये दिसलं, तिथे तोच चोझेन इतका भारी झालाय की लोक त्याच्यासाठी एपिसोड बघायचे.

ओकिनावाचं म्हणाल तर शूटिंग झालंय हवाईत, ओआहू बेटावर. दिसायला मस्त आहे पण ते पोस्टकार्डवरचं ओकिनावा वाटतं. खरं ओकिनावा म्हणजे आधी र्यूक्यूचं वेगळं राज्य, मग जपान, मग १९४५ ची भयंकर लढाई, आणि त्यानंतर १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात. पिक्चरमध्ये अमेरिकन तळाचा उल्लेख येतो आणि पुढे सरकतो, त्याच्यावर काही बोलायची हिंमत नाही. सगळं गाव आपापसात इंग्लिश बोलतं हे तर सोडूनच द्या. तिथली मुलगी कुमिको आणि डॅनियलची लव्हस्टोरी गोड आहे, तो चहाचा सीन तर फारच निवांत आणि सुंदर, आणि कुमिको झालेल्या तमलिन टोमिटाचा हा पहिलाच पिक्चर, तिचा जन्मही ओकिनावातलाच. पण कुमिकोला डान्सर व्हायचंय एवढं सोडून तिच्याबद्दल आपल्याला काही कळत नाही.

मधला बर्फाचा सीन, सहा लाद्या एकावर एक ठेवून हाताने फोडायच्या, तो बघून आमच्या गल्लीतल्या कराटे क्लासच्या पोरांनी कौलं फोडायचे उद्योग केले होते. मजा आहे त्यात, पण खरी गंमत त्याआधीची, मियागी शिकवतात की गडबडलास की आधी श्वासावर ये. खिळा एका घावात ठोकायचा, त्याच्याआधी श्वास. डॅनियल बर्फासमोर उभा राहतो तेव्हा तेच करतो.

आणि शेवटची फाइट. ओबोनचा सण, पितरांसाठीचा, जुन्या किल्ल्यात सगळं गाव जमलंय, कुमिको नाचतेय, आणि चोझेन येऊन तिच्या गळ्याला सुरा लावतो. इथे पॉइंट नाहीत, हरला तो मेला. डॅनियल मार खातो, पहिल्या पार्टमधली ती एका पायावरची क्रेन किक करून बघतो, चोझेन ती अडवतो (बरं झालं, तीच किक परत चालली असती तर मी टीव्ही बंद केला असता). मग मियागी ती छोटी डुगडुगी वाजवतात, मागोमाग सगळं गाव आपापली डुगडुगी वाजवायला लागतं आणि डॅनियलला टेक्निक कळतं, अंग सैल सोडून कमरेतनं फिरायचं, एका हाताने अडवायचं, दुसऱ्याने मारायचं. लॉजिक पातळ आहे, नुसत्या आवाजाने एवढं शिकता आलं असतं तर क्लासची फी कोणी भरली असती. पण थिएटरचा सीन म्हणून जबरदस्त, आवाज चढत जातो तसा आपलाही पाय हलायला लागतो. आणि चोझेन खाली पडल्यावर डॅनियल हात वर धरून विचारतो, जगायचंय का मरायचंय? तो म्हणतो मरायचंय. डॅनियल म्हणतो चूक, आणि त्याचं नाक पकडून पीं! पार्किंगमधला धडा न सांगता उतरला होता पोरात.

आणि पिक्चर तिथेच संपतो, धाडकन. कुमिकोचं काय, युकिए आणि मियागींचं काय, काही नाही. युकिएने इतकी वर्षं लग्न केलेलं नाही, दोघं परत एकत्र बसून चहा घेतात, आणि मग पुढच्या, १९८९ च्या पार्टमध्ये तिचा विषय दोन वाक्यांत गुंडाळलाय. तो तिसरा पार्ट टाळला तरी चालेल. त्यापेक्षा हा बघून झाल्यावर सरळ कोब्रा काईच्या तिसऱ्या सीझनमधले ओकिनावाचे एपिसोड लावा, तिथे कुमिको डॅनियलला मियागींनी युकिएला लिहिलेलं पत्र वाचून दाखवते. पॅट मोरिटा २००५ मध्येच गेले, तरी त्या सीनमध्ये ते आहेत असंच वाटतं.

पाचपैकी पावणेचार. पोरांसोबत बघायला हरकत नाही, मारामारी फार रक्तरंजित नाहीये, फक्त पहिल्या तासाला ती कंटाळून मोबाइल मागतील, वादळापर्यंत कसंतरी बसवून ठेवा. इंग्लिशमध्येच बघा, मियागींची ती तुटक बोली दुसऱ्या भाषेत जमत नाही.