घटिकापात्र आणि सूर्यघड्याळ

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडत असत. तळाला बारीक छिद्र असलेल्या या तांब्याच्या वाटीत पाणी हळूहळू चढत जाते, काठ पाण्याशी टेकताच ती बुडते आणि एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, भरते. रात्र असो वा आभाळ भरलेले असो, तिचे काम अडत नाही. मात्र कोणीतरी शेजारी जागत बसून दर खेपेला ती रिकामी करून पुन्हा सोडावी लागते, आणि छिद्रात कचरा अडकला की घटिका लांबते.

सूर्यघड्याळाला असा राखणदार लागत नाही. अचूकतेचाच निकष लावला, तर जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ निःसंशय उजवे ठरते, कारण तेथील सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी, सरकते. मात्र ते स्थानिक सौरवेळ दाखवते, भारताची प्रमाणवेळ ज्यावरून ठरते त्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेस जयपूर असल्यामुळे ती प्रमाणवेळेच्या सरासरी सुमारे २७ मिनिटे मागे असते. शिवाय सूर्य ढगाआड गेला की हे भव्य यंत्र मुके होते.