‘टेस्ट स्पेशल’ क्लास: एच पक्का, रस्त्यावरचे पट्टे मात्र कच्चे

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलचा हा छोटा क्लास. लर्निंग लायसन्स काढून तीस दिवस उलटलेत, गाडी बऱ्यापैकी हातात आलीय, फक्त पक्क्या लायसन्सची टेस्ट बाकी आहे, अशांसाठी. एकेक तासाचे चार तास: तीन मैदानावर, एक रस्त्यावर. गाडी वॅगनआर, ड्युअल कंट्रोलची, म्हणजे सरांच्या बाजूलाही ब्रेक असलेली. क्लासला पाचपैकी तीन गुण. मैदानासाठी चार दिले असते, रस्त्याच्या तासानं घोळ केला.

मैदानावर फक्कीनं एच (इंग्रजी H) आणि आठ या आकारांचे गाडी फिरवायचे मार्ग आखलेले असतात, वळणांवर लाल कोन. पहिल्याच तासाला डावा आरसा खाली करून मागचं चाक आणि पट्टा एकत्र दिसतील असा लावून घेतात. हे उत्तम. कारण पट्ट्यावर चाक जातं ते बहुतेक वेळा मागचं. वॅगनआरएवढ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण मारलं, तर आतल्या बाजूचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा जवळजवळ मीटरभर आत कापतं. म्हणून आठमध्ये बाहेरच्या पट्ट्याला धरून चालायचं, आतल्याला नाही. रिव्हर्समध्ये प्रकार उलटा: मागचा भाग आत वळतो आणि गाडीचं नाक बाहेर फेकलं जातं. डाव्या आरशावर नजर खिळवून बसलात तर उजवा पुढचा कोपरा पट्ट्याबाहेर गेलेला कळतच नाही. इथले सर हे नीट समजावतात, क्लचवर गाडी मुंगीच्या पावलानं सोडायला लावतात, आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवू देत नाहीत.

खटकतं ते त्यांचं फॉर्म्युल्याचं वेड. “कोन मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की दीड फिरकी.” मैदानावर हे हमखास जमतं. टेस्टच्या ट्रॅकवर कोन त्या जागी नसला किंवा सीट दोन खाच मागे असली, की दीड फिरकीचं गणित कोसळतं. तिसऱ्या तासाला सरळ सांगा: कोन उचला, नुसत्या पट्ट्यावर घेऊ. कुरकुरतात, पण उचलतात.

स्टॉप लाइन हा या क्लासचा सगळ्यात कच्चा भाग. थांबायची वेळ आली की सरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर आधीच पडतो, त्यामुळे शिकणाऱ्याला अंतराचा अंदाजच येत नाही. पट्टा बॉनेटखाली दिसेनासा होतो तेव्हा छोट्या गाडीतही बंपर अडीच-तीन मीटर मागेच असतो. नवखा माणूस तिथेच घाबरून थांबतो, मग “अजून पुढे घे” म्हटलं की सरकत सरकत पट्टा ओलांडतो. खूण अशी धरायची: पट्टा उजव्या आरशाच्या खालच्या कडेशी आला की साधारणपणे बंपर पट्ट्याच्या जरासा अलीकडे असतो. उंची आणि सीटप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून एकदा थांबून, खाली उतरून बघायचं आणि मग आपली खूण पक्की करायची. सरांना पाय बाजूला ठेवायला सांगून हे चार-पाच वेळा केलं की हात बसतो. चढावरच्या टेस्टलाही हीच खूण चालते. तिथे हँडब्रेक ओढून, क्लच धरायला लागल्याचं इंजिनच्या आवाजावरून कळलं की मगच हँडब्रेक सोडायचा, नाहीतर गाडी मागे घरंगळते.

रस्त्याचा तास निगडी प्राधिकरणात. रस्ते रुंद, सकाळी गर्दी कमी, जागा अगदी योग्य. पण तास जातो गिअर आणि हॉर्नमध्ये. पट्ट्यांचं तुम्हीच विचारून घ्या. तुटक पांढरा पट्टा ओलांडता येतो, तोही आरसा, इंडिकेटर आणि मान वळवून बघितल्यावर. अखंड पट्टा ओलांडायचा नाही. मधे दोन पट्टे असून एक तुटक, एक अखंड असेल तर आपल्या बाजूचा पट्टा आपल्याला लागू. दोन्ही अखंड असतील तर कुणीच पलीकडे जायचं नाही. सिग्नलजवळ तुटक पट्टा अखंड होतो, म्हणजे लेन त्याआधीच निवडायची. चुकून सरळच्या बाणाच्या लेनमध्ये आलात आणि वळायचं होतं, तर सरळच जा, पुढून वळून या. ऐनवेळी पट्टा कापून घुसणं ही खरी चूक. झेब्रा असेल तिथे त्याच्या अलीकडच्या स्टॉप लाइनवर थांबायचं, ती पुसली असेल तर झेब्र्याच्या आधी. चौकात रस्त्यावर पिवळी जाळी रंगवलेली असेल तर सिग्नल हिरवा असला तरी पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय आत शिरायचं नाही. “पट्टा पुसलाय, सोडा” हे सरांचं ठरलेलं उत्तर स्वीकारू नका. पट्टा पुसला तरी लेन असतेच.

पैशांचं आधी स्पष्ट करून घ्या. टेस्टची सरकारी फी वाहनाच्या प्रत्येक वर्गाला 300 रुपये आहे. ती पॅकेजमध्ये धरलीय की वेगळी, ते लिहून घ्या. नापास झालात तर पुढची टेस्ट सात दिवसांनंतर, आणि तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावं लागतं. “आमच्याकडे शिकलात की टेस्टच नको” असं कुठली स्कूल म्हणाली तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र मागा. ती सूट 2021 पासून फक्त तशा केंद्रांतून पूर्ण कोर्स केलेल्यांना आहे, आणि हलक्या वाहनाचा तो कोर्स 29 तासांचा असतो. चार तासांत ते होत नाही.

गाडी आधीच सफाईनं चालत असेल तर चारही तास घ्यायची गरज नाही. मैदानाचा एक आणि रस्त्याचा एक, असे सुटे तासही देतात, फक्त फोनवर सांगत नाहीत, समोर जाऊन विचारावं लागतं. शेवटचा तास टेस्टला नेणार त्याच गाडीवर मागा आणि सीटची खाच मोजून ठेवा.