फोल्डिंग स्टडी टेबल, वन बीएचके आणि दहावीची लेक: वापरानंतरचा अनुभव

जूनमध्ये हॉलच्या कोपऱ्यात भिंतीवर फोल्डिंग स्टडी टेबल लावलं, आता प्रिलिमपण झाली, सो लिहायला हरकत नाही. डोंबिवलीत वन बीएचके, लेक दहावीला, वेगळ्या स्टडी रूमचा विषयच नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळतात पण बरेचसे पार्टिकल बोर्डचे, आणि आपल्याकडचा पावसाळा बघता एकदा कडेने ओल शिरली की बोर्ड फुगतो आणि मग स्क्रू धरतच नाही, म्हणून सुतारकाकांकडून १९ एमएम प्लायचं करून घेतलं. प्लायवर आयएस ७१० शिक्का बघूनच घ्या, मरीन प्लाय तो. वर मॅट सनमायका, ग्लॉसीवर लाइट चमकतो. अख्खा पावसाळा गेला, काही झालं नाही.

खरी भानगड भिंतीची. नव्या बिल्डिंगमध्ये बरेचदा एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) असतात, ठिसूळ, साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लग) मारली तर रोज कोपरं टेकून टेकून सैल होणार. काकांनी आधी लांब अँकर मारून आडवी लाकडी पट्टी बसवली आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. धाकटा वर चढून बसतो तरी हललं नाही (बसू नये, पण ऐकतंय कोण).

भिंतीवरच्या टेबलाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे उंची आपल्या हातात. रेडिमेड साधारण ७५ सेंमी असतात, त्यावर हिचे खांदे वर जायचे. तिला खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात आलं तिथे पेन्सिलने खूण केली, मगच ड्रिल. ७० च्या आसपास आलं.

लाइटचं लोक सांगत नाहीत. ट्यूब पाठीमागे असली की स्वतःचीच सावली वहीवर पडते, लॅम्प हवाच. सगळे डावीकडे ठेवा म्हणतात, पण ही डावखुरी आहे त्यामुळे आमचा उजवीकडे. बल्ब ४००० केल्विनचा, ६५०० चा पांढराफट्ट रात्री टोचतो.

आता फोल्डिंगचं. खरं सांगायचं तर गणपतीत मखरासाठी बंद केलं तेवढंच. पुस्तकं, कंपास, बाटली रोज कोण उचलणार? जागा अगदीच कमी नसेल तर फोल्डिंग ब्रॅकेटवर जादा खर्च करू नका, फिक्स करा आणि त्या पैशात वर एक शेल्फ मारून घ्या.

आणि हो, हॉलमध्ये आहे म्हणजे संध्याकाळच्या सिरीयल आजीला हेडफोनवर, ही अट आधीच घालून घ्या. आमच्याकडे त्याला टेबलापेक्षा जास्त वेळ लागला.